लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्यांचा दगड

वाचनालयाचे अध्यक्ष दारात आले तेव्हा मी ओसरीवर तांदूळ निवडत बसले होते. ते म्हणाले, गावाच्या फाट्यावर एक स्मारक उभं राहतंय आणि त्याची जाहिरात करायचं काम सगळ्यांनी एकमतानं तुमच्याकडं दिलंय.

मी सूप खाली ठेवलं. "स्मारक? कोण वारलं?"

"कुणी वारलं न्हाय वहिनी. जित्या माणसांचंच हाय."

जित्या माणसांचं स्मारक मी तरी कधी ऐकलं नव्हतं. मग त्यांनी सांगितलं. इंटरनेटवर एक मोफत ज्ञानकोश आहे. त्यात कुणीही लिहावं, कुणीही वाचावं, कुणाचं चुकलं तर दुसऱ्यानं दुरुस्त करावं. लिहिणाऱ्याला छदाम मिळत नाही आणि बहुतेक जण स्वतःचं नावसुद्धा लावत नाहीत. आपल्या तालुक्यातली थोडी माणसं वर्षानुवर्षं त्यात गावांची माहिती लिहितात, जत्रा, बारवा, पिकं, पाखरं, जनावरांच्या जाती. त्यांच्यासाठी एक दगड बसवायचा. नाव कुणाचंच नाही.

त्या थोड्या माणसांतलं एक माणूस माझ्याच घरात आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडलं होतं. आमचे हे.

हे ढोरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. डॉक्टर नव्हते, डॉक्टरांच्या हाताखाली होते, पण वस्त्यांवर लोक त्यांनाच डॉक्टर म्हणायचे. गाय अडली की यांना निरोप. मोटारसायकलवर सगळा तालुका पालथा घातला. गाईचं काम झालं की लगेच परत यावं, पण नाही. गावातल्या म्हाताऱ्यांपाशी बसायचं, ही बारव कुणी बांधली, या देवळाला असं नाव का, विचारत राहायचं. आणि घरी आलं की मोबाईल हातात, चष्मा नाकावर, लिहीत बसायचं. मी म्हणायचे, "घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजा. कोण विचारतंय तुम्हाला?" हे मान वर न करता म्हणायचे, "कुणीतरी खातंच की."

हे बोलणं आमच्यात इतक्यांदा झालं की सून हसायची. तुमचा रेडिओ लागला, म्हणायची.

मग मागच्या श्रावणात यांना झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. दवाखाना झाला, औषधं झाली, पाय सुधारला. काठी घेऊन चालता येईल, असं डॉक्टर म्हणाले. पण हे चालतील तर ना. पायरीच्या खाली पाय ठेवायला तयार नाहीत. बोललेलं समोरच्याला लवकर कळत नाही, पुन्हा सांगावं लागतं, त्याची यांना भारी लाज. कुणी भेटायला आलं की डोळे मिटून घ्यायचे. मोबाईल ड्रॉवरमध्ये टाकला तो तिथंच. शेताला शेत लागून असलेले यांचे एक लहानपणचे दोस्त, ज्यांच्याशी भांडल्याशिवाय यांना जेवण जात नसे, ते दोनदा आले. दोन्ही वेळा यांनी भिंतीकडं तोंड केलं. तिसऱ्यांदा ते आले नाहीत. माणसाला राग येतोच की.

तर खरं सांगते, मला त्या दगडाचं काही पडलं नव्हतं. मला हा माणूस उंबऱ्याबाहेर काढायचा होता. दगडाच्या निमित्तानं का होईना, चार माणसांत उभा करायचा होता. म्हणून मी अध्यक्षांना म्हटलं, "करते मी तुमची जाहिरात. पण पडदा यांच्या हातनं काढायचा."

आत जाऊन यांना सांगितलं. हे ऐकून घेऊन म्हणाले, "मी... येणार न्हाय."

"बघू," मी म्हटलं. आमच्या घरात माझं 'बघू' म्हणजे काय ते यांना मालूम आहे.

जाहिरात करायला मला का निवडलं, तर माझा आवाज. मी परसातनं हाक मारली की चौकातली म्हैस मान वळवते, असं हेच म्हणायचे. पहिल्यांदा गेले तुळजापूरला फ्लेक्सवाल्याकडं. मजकूर दिला. तो म्हणाला, "फोटो?"

"फोटो नाही."

"कुणाचाच न्हाय? अध्यक्षांचा तरी?"

"कुणाचाच नाही."

तो पोरगेलासा माणूस खुर्चीत मागं रेलला. "मावशी, मग लोक थांबून बघतील कशाला?" त्याचंही खरंच होतं. आमच्याकडं वाढदिवसाच्या फ्लेक्सवर सुद्धा पंचवीस तोंडं असतात. मी म्हटलं, मोकळीच जागा ठेव, लोक विचारतील तरी. आणि विचारलं लोकांनी. फ्लेक्स लागल्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझ्या दारात तीन बायका येऊन गेल्या. कुणाचं काय झालं, फोटो का न्हाय लावला, घरच्यांचं भांडण हाय का. स्मारक म्हटलं की आपल्याकडं माणूस जावंच लागतं.

मग रिक्षाला भोंगा लावून मी स्वतः बसले. वाड्या-वस्त्यांवर हिंडले. ज्ञानकोश म्हटलं की बायका तोंडाला पदर लावायच्या. मी म्हटलं, हे असं नाही जमायचं. एका वस्तीवर रिक्षा थांबवली, भोंगा बंद केला आणि विचारलं, "मंगळवारी जोगवा मागता का नाही?" मागतो की, म्हणाल्या. "पाच घरचं पीठ परडीत येतं. त्यात हिचं कुठलं, तिचं कुठलं, सांगता येतं का?" न्हाय म्हणाल्या. "पण भाकर होती ना?" व्हय म्हणाल्या. "तसंच आहे हे. जी ती आपल्या घरचं मूठभर घालते. नाव कुणाचं नाही. खातात सगळे." मग त्यातली एक म्हातारी म्हणाली, "मग त्यांच्या नावाचा दगड कशाला? पीठ घातलं म्हणून दगड बसवतंय का कुणी?" मी भोंगा सुरू करून पुढं निघाले.

आता तारखेचं सांगते, कारण सगळं रामायण त्यावरनं झालं.

तारीख ठरवायला वाचनालयात बैठक बसली. एक म्हणाला रविवार, दुसरा म्हणाला दत्तजयंती. मी म्हटलं, येळवस. आमच्या भागात मार्गशीर्षातल्या अवसेला वेळअमावस्या असते, आम्ही येळवस म्हणतो. दिवाळीला येणार नाहीत अशी पुण्या-मुंबईची पोरं येळवशीला गावी येतात. गाड्यांनी गल्ल्या भरून जातात. म्हटलं, एवढी माणसं परत कधी मिळणार? सकाळी नऊला पडदा काढू, दहाला मोकळे. अध्यक्षांनी मांडीवर थाप मारली. सगळ्यांनी वा वा केलं. सोलापूरच्या एक बाई, त्या पण ज्ञानकोशात लिहिणाऱ्या, त्यांना पाहुण्या म्हणून बोलावलं.

त्या बैठकीत बसलेल्या प्रत्येकाचा जन्म याच मातीतला. प्रत्येकाला ठाऊक की येळवशीला माणसं गावात येतात खरी, पण गावात थांबत नाहीत. घराला कुलूप घालून सगळी शेतात. ज्वारी-हरभऱ्यात कडब्याची खोप करायची, पाच दगडांना चुना लावून पांडव म्हणून पुजायचे, सगळ्या भाज्या-शेंगांची मिळून भज्जी, पिठाचे उकडलेले उंडे, आंबील, सजगुऱ्याची म्हणजे बाजरीची भाकर, आणि बांधावरनं हाका मारून शेजाऱ्याला जेवायला बोलवायचं. त्या दिवशी गावात कुत्रं सापडत नाही. तेही जातं माणसांबरोबर. हे माहीत असून एकाच्याही डोक्यात आलं नाही. प्रत्येकाला वाटलं, आपण पाच मिनिटं उशिरा आलो तर काय बिघडतंय, बाकीचं गाव असेलच.

येळवशीच्या सकाळी मी अंधारात उठून भज्जी टाकली, उंडे उकडले, सुनेला बाकीचं सांगितलं. यांना धुतलेला सदरा घातला. यांनी घालून घेतला आणि खुर्चीत बसून राहिले. "तू... जा," म्हणाले. मी रागानं निघून गेले.

फाट्यावर दगड उभा होता. काळा पाषाण, माणसाच्या छातीइतका, त्यावर पिवळं कापड. पुढं मांडव, खुर्च्या, माईक. सोलापूरच्या बाई वेळेवर आल्या. अध्यक्ष आले. मी होते. बास.

शेताकडं जायचा रस्ता तोच. ट्रॅक्टर जात होते, जीपा जात होत्या, टोपल्या-घागरी मांडीवर घेतलेल्या बायका आणि मागं लटकलेली लेकरं. सगळे आमच्याकडं बघून हात करत होते. "आलोच काकू, पूजा उरकून येतो." "तुमीच या की शेतात, उंडे केलेत." माईकवाल्याला न्यायला त्याचा मेहुणा आला, तो चालता झाला. दहा वाजले. अध्यक्ष मनगटाकडं बघत होते, त्यांच्या घरच्यांची पूजा खोळंबली होती. मला स्वतःचा इतका संताप आला की वाटलं, तो भोंगा आपल्याच कानात वाजवावा.

सोलापूरच्या बाईच हसल्या. म्हणाल्या, "मग आपण पण शेतातच जाऊ की. मी येळवस कधी पाहिली नाही." अध्यक्षांनी लगेच त्यांना जीपमध्ये घातलं. जाताना म्हणाले, संध्याकाळी परत येताना सगळे इथूनच जातील वहिनी, तवा काढू पडदा. मी मान हलवली आणि घरी आले.

गल्लीत सगळ्या दारांना कुलपं. माझ्या चपलेचा आवाज मलाच ऐकू येत होता. मी पायरीवर बसले आणि रडले. सून-लेक जेवणाच्या टोपल्या घेऊन कोपऱ्यावर जीपपाशी थांबले होते, त्यांना दिसू नये म्हणून पदर तोंडावर घेतला, पण रडू काही थांबेना. इतके दिवस घसा फोडला तो कशासाठी, ते मला एकटीलाच माहीत होतं.

मागं काठी वाजली. हे दारात उभे.

"काय... झालं?"

"एक माणूस आलं नाही," मी म्हटलं. "गावात चिटपाखरू नाही."

यांनी गल्लीच्या या टोकाला बघितलं, त्या टोकाला बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "कुणीच न्हाय?"

"कुणीच नाही."

"मग चल. शेतात."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. गाव रिकामं होतं म्हणून हा माणूस बाहेर पडत होता. बघायला कुणी नव्हतं. यांनी डावा हात भिंतीला लावून एक पायरी उतरली, मग दुसरी, आणि गल्लीतनं चालायला लागले. मी मागनं चालले, हात न लावता. लेक जीपचं दार उघडून उभा होता. एक अक्षर बोलला नाही. शहाणा आहे माझा लेक, कधीकधी.

शेतात गेल्यावर हे खोपीच्या आत जाऊन बसले, वाटेकडं पाठ करून. लेकानं पूजा केली, चांगभलं म्हणत आंबील ज्वारीला शिंपडली. मी मनात म्हटलं, एवढं तरी झालं. बांधावरनं हाक मारायची माझी पाळी होती, पण मी मारली नाही. यांना माणसं नको आहेत हे मला ठाऊक. येळवशीला शेजाऱ्याला हाक न मारणं म्हणजे वैर, तरी मी गप बसले.

हाक न मारता दोस्तच आले. बांध ओलांडून, धोतर आवरत, मागं त्यांच्या घरची दोन-चार माणसं. खोपीच्या तोंडाशी उभे राहिले. तब्येत कशी, औषध घेतो का, काही विचारलं नाही. यांच्या पाठीकडं बघून म्हणाले, "आरं, तू तुझ्या त्या कोशात माझ्या बारवंचं लिवलंयस म्हणं. कोरडी पडली, गाळानं भरली. माझ्या नातीनं पुण्याहून फोनवर वाचून दाखवलं. माझ्या बारवंची बदनामी करतो व्हय रं?"

हे वळले नाहीत. "कोरडीच... हाय."

"काय म्हणतो?"

मी पुढं झाले, मी सांगते म्हणून. पण हे वळले होते. मान ताठ झाली होती. यांचं हे तोंड मी लई दिवसांनी बघितलं.

"कोरडीच हाय. म्या... बघितलीया."

"कवा बघितली?"

हे म्हणाले, "उन्हाळ्यात."

"उन्हाळ्यात. आन त्यावर पाऊस किती झाला ते ठाव हाय का? का कोंबडी अंड्यावर बसल्यावानी घरात बसून लिवतो?" दोस्त खोपीत वाकले, काठी उचलून यांच्या डाव्या हातात दिली. "ऊठ. चल बघायला."

आणि हे उठले.

बांधाच्या चढाला दोस्तांनी काखेत हात घातला. एरवी यांनी झटकला असता, पण वादाच्या भरात लक्षातच नव्हतं. दोघं बोलतच चालले होते. यांचे शब्द तुटत होते, सांडत होते, आणि दोस्त "काय? काय म्हणतो?" करून तेवढ्याच मोठ्यानं उत्तर देत होते. मी आणि सोलापूरच्या बाई, त्या तोवर जेवणासाठी आमच्याच शेतात आल्या होत्या, मागनं जात होतो.

बारव भरली होती. वरच्या चार पायऱ्या तेवढ्या मोकळ्या, बाकी सगळं पाणी, हिरवं, स्थिर. एक खंड्या काठावरनं उडाला. हे कठड्याला टेकून उभे राहिले. खडा उचलायला वाकता येईना, तर दोस्तांनी उचलून दिला. यांनी डाव्या हातानं टाकला. डुब्ब झालं.

"भरली की," हे म्हणाले. आणि हसले. तोंडाची एकच बाजू हसली, पण हसले.

"गावात म्हणत होते ह्याला बोलता येत न्हाय," दोस्त आमच्याकडं बघून म्हणाले. "भांडायला तर बरी चालती जीभ."

"बदलावं लागंल," हे म्हणाले. "लिवलेलं."

"मग बदल की."

यांनी उजवा हात उचलायला बघितला. तो थोडा वर आला आणि पडला. "हात... न्हाय," म्हणाले. दोस्तांनी उपरण्यानं डोळे पुसले, सरळ पुसले, चोरून नाही. मग म्हणाले, "दोनदा आलो रं मी. तोंड फिरवलंस. लई वाईट वाटलं मला." हे म्हणाले, "व्हय." एवढंच. मग दोस्त म्हणाले, चल, तुझ्या घरची आंबील गार व्हाय लागली.

संध्याकाळी अध्यक्ष म्हणाले तसंच झालं. परतणारे ट्रॅक्टर फाट्यावर थांबत गेले. सकाळी रिकाम्या राहिलेल्या खुर्च्या कमी पडल्या, माणसं बांधावर बसली. माईक नव्हता. आमच्या जीपमधनं हे उतरले तेव्हा सगळं गाव बघत होतं, आणि यांना ते दिसत होतं. मी म्हटलं, आता हा माणूस परत जीपमध्ये बसणार. पण दोस्तांनी मागनं हळूच ढकललं.

यांनी डाव्या हातानं पिवळं कापड ओढलं. दगडावर एकच ओळ होती, 'ज्यांनी विचारलं, पाहिलं आणि सगळ्यांसाठी लिहून ठेवलं.' खाली नुसता दगड. सोलापूरच्या बाई म्हणाल्या, दोन शब्द बोला.

यांनी काठी नीट रोवली. मग बोलले. आमची बारव भरलीया. म्या कोरडी लिवली होती. घरात बसून कळलं न्हाय. एवढं बोलायला यांना पुष्कळ वेळ लागला. कुणी हललं नाही. टाळ्या कधी वाजवायच्या ते न कळल्यामुळं कुणी वाजवल्याच नाहीत. वस्तीवरची ती म्हातारी पुढं आली, जिनं मला दगड कशाला म्हणून विचारलं होतं. तिनं उरलेला एक उंडा दगडापुढं ठेवला, नमस्कार केला आणि मला म्हणाली, "असू दे. बसायला सावली न्हाय इथं, तेवढं एक झाड लावा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरीचं पीठ मळत होते. हे चुलीपाशी, म्हणजे आता गॅसपाशी, आले आणि ड्रॉवरमधला मोबाईल, रात्री लेकाकडनं चार्ज करून घेतलेला, माझ्यापुढं धरला. "लिही," म्हणाले.

"मी? मला कुठं येतंय?"

"सांगतो."

पिठाचे हात पुसून मी बसले. हे एकेक शब्द सांगत गेले, मी एका बोटानं दाबत गेले. बारवेत सध्या पाणी आहे. एवढं एक वाक्य. त्याला चहा गार होईपर्यंत वेळ लागला. मी विचारलं, "खाली नाव कुणाचं घालायचं? तुमचं का माझं?" हे माझ्याकडं असं बघू लागले, जणू इतकी वर्षं मी या घरात नव्हतेच.

वाक्य गेलं, तशी मी उठून भाकर तव्यावर टाकली. यांनी ते वाचून बघितलं, पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "तामलवाडीच्या वाटंवर... एक हाय. ती पण कोरडी लिवलीया."

"मग लिहू का, भरली म्हणून?"

"बघितल्याबिगर?" हे म्हणाले, आणि दाराकडं चालायला लागले. डावा पाय चपलेत घातला, उजवा सरकवायला लागले. गॅसवरनं वास आला. मी ओरडले, "अहो थांबा, भाकर करपतीय माझी."

"करपू दे," हे पायरी उतरत म्हणाले. "कुणीतरी खातंच की."

मी गॅस बंद केला, पदर खोचला आणि त्यांच्या मागं निघाले.